आत्याचं खूळ

3 नोव्हेंबर 2024, रविवार. भाऊबीज.

आज भाऊबीज होती आणि गॉडझिलाचा सत्तरावा वाढदिवसही. पहिला 'गॉडझिला', समुद्रातून येणाऱ्या अवाढव्य सरड्यासारख्या राक्षसाचा पिक्चर, जपानमध्ये 3 नोव्हेंबर 1954 ला लागला. तिथीचं आणि तारखेचं असं जमणं काही दरवर्षी होत नाही, म्हणून सकाळी रांगोळी काढून झाल्यावर शोकेसमधल्या माझ्या वीतभर गॉडझिलाची धूळ पुसली आणि त्याच्यापुढे एक पणती ठेवली. निव्वळ गंमत. पण ती पणती दिवसभर पुरली सगळ्यांना.

पहिल्यांदा वहिनीनं पाहिलं. "अहो ताई, हे काय, याला पण ओवाळायचंय का?" मग आईनं चष्मा वर करून बघितलं आणि चाळीशी उलटलेल्या बाईनं घरात सरडे मांडून ठेवावेत का, यावर तिचं ठरलेलं भाषण झालं. भाऊ हसला फक्त. भाच्यानं, यंदा अकरावीला आहे, मोबाइलमधून मान वर न काढता निकाल दिला: "आत्या नर्ड आहे. आणि ते पण जुन्या पिक्चरची. नव्याची असती तर जरा तरी कूल."

नर्ड म्हटल्याचं मला काही वाटत नाही. ऑफिसात टेबलावर छोटा मॉथ्रा (गॉडझिलाच्या पिक्चरांतला महाकाय पतंग) ठेवला होता तेव्हा "मॅडम, मुलांची खेळणी इकडे कशी?" हे ऐकून झालंय, आणि मला मुलं नाहीत हे विचारणाऱ्याला ठाऊक होतं. त्यापेक्षा नर्ड बरं. मला लागलं ते 'जुन्या'. कारण पुढे तो म्हणाला, "रबराचा सूट घातलेला माणूस दिसतो गं सरळ. पाठीवरची चेन पण दिसते."

दिसतो ना! त्यासाठीच तर बघते मी.

त्या सूटमधला माणूस म्हणजे हारुओ नाकाजिमा. 1954 पासून 1972 पर्यंत तो गॉडझिला झाला. पहिला सूट शंभर किलोच्या आसपास, आत हवा नाही, वर स्टुडिओचे दिवे. मोठं जनावर चालतं कसं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर कसं टाकतं, हे बघायला तो टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलं न्याहाळत बसायचा. चेहरा दिसणार नाही, आवाज आपला नाही, तरी इतकी तयारी. स्पेशल इफेक्ट्स करणाऱ्या एइजी त्सुबुरायाला खरं तर 1933 च्या 'किंग काँग'सारखं एकेक फ्रेम हलवून चित्रण करायचं होतं; तेवढा वेळ नव्हता, म्हणून सूट आला. नाइलाजातून एक अख्खी पद्धत उभी राहिली.

आणि पडणाऱ्या इमारती! मी आरसीसी कन्सल्टंटच्या ऑफिसात ड्रॉइंगं काढते. ठाण्यातल्या जुन्या सोसायट्या पाडून तिथे टॉवर उभे राहतात, त्यांच्या कॉलम-बीमची. इमारत उभी कशी राहते हा माझा पोटापाण्याचा विषय, त्यामुळे ती पडते कशी हे बघण्यात मला जे सुख मिळतं ते कुणाला समजावता येत नाही. आज मी तो प्रयत्न केला. तिथेच चुकलं म्हणा, पण बासुंदी पोटात गेली की मी बोलते.

भाच्याला म्हटलं, पेन दे. पेपर नॅपकिनवर गणित मांडलं. गॉडझिला पडद्यावर 50 मीटर उंच. त्सुबुरायानं टोकियो उभारलं ते साधारण पंचविसाव्या हिश्शात. म्हणजे गॉडझिला 2 मीटर, सूट घातलेल्या माणसाएवढा. आता खऱ्या 50 मीटरवरून वीट खाली यायला सव्वातीन सेकंदांच्या आसपास लागतात. 2 मीटरवरून 0.64 सेकंद. पाचपट फरक, पंचविसाचं वर्गमूळ. गुरुत्वाकर्षण काही मॉडेलच्या मापात कमी होत नाही. मग छोटं घर पडलं की ते पटकन पडतं आणि डोळ्याला लगेच कळतं की हे खेळणं आहे. उपाय? कॅमेऱ्यात फिल्म वेगात पळवायची आणि दाखवताना नेहमीच्या गतीनं दाखवायचं. ढिगारा सावकाश खाली येतो आणि जड वाटतो. नाकाजिमाच्या पावलांचंही तेच.

"म्हणजे स्लो-मो," भाचा म्हणाला.

स्लो-मोच. पण किती स्लो हे कशावरून ठरतं ते बघ ना, असं मी म्हणेपर्यंत त्यानं नॅपकिन उचलून त्यावर चकली ठेवली होती. वहिनी माझ्याकडे जशी बघत होती तशी ती एरवी फक्त भूकंपाच्या बातम्या बघते.

तेवढ्यात भावाचं सुरू झालं. दरवर्षी होतं. टनब्रिज वेल्स, 18 जून 1983, झिम्बाब्वेविरुद्ध 5 बाद 17, आणि मग कपिलदेव. नाबाद 175. कुठला फटका कुठे गेला, किरमाणीनं कशी साथ दिली, आणि त्याचं चित्रीकरणच कसं नाही. हा तेव्हा दोन वर्षांचा होता. जी खेळी त्यानं पाहिली नाही, जगात कुणालाच पुन्हा बघता येणार नाही, ती तो चेंडूगणिक सांगतो, आणि सगळे माना डोलावतात. आईसुद्धा. त्याला कुणी नर्ड म्हणत नाही. 'क्रिकेटचा दर्दी' म्हणतात! माझी तक्रार नाही, मलाही ती गोष्ट आवडते. फक्त नॅपकिन त्याच्याही हातात असता तर त्यावर चकली कुणी ठेवली नसती.

मला वाटतं वेड किती आहे हे कुणी मोजतच नाही. ते कशाचं आहे आणि कुणाला आहे हे बघतात. पुरुषांनी क्रिकेट आणि गाड्या, बायकांनी साड्या आणि फार तर जुनी गाणी, एवढ्यात बसलं की त्याला आवड म्हणायचं. बाईनं राक्षसांचे पिक्चर म्हटलं की घरचे हसतात, आणि ज्यांना खरंच या पिक्चरांची आवड आहे असे पुरुष भेटले की आधी परीक्षा घेतात. 'शोवा काळातले किती? सांगा बरं.' शोवा म्हणजे गॉडझिलाच्या पिक्चरांची पहिली मालिका, 1954 ते 1975, पंधरा. मला पाठ आहेत, पण सांगताना राग येतो. त्यांना कधी कुणी विचारलंय?

ऑस्करचाही विषय निघाला. 'गॉडझिला मायनस वन'ला यंदा मार्चमध्ये व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं, गॉडझिलाच्या सत्तर वर्षांतलं पहिलंच. भाच्याच्या मते तो खरा गॉडझिला. मलाही तो फार आवडला. पण त्याचा दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी आणि त्याचे साथीदार ऑस्करच्या सोहळ्यात कसे आले होते ते त्याला दाखवलं: सूटबूट, हातात गॉडझिलाची बाहुली आणि बुटांच्या टाचांना गॉडझिलाचा पंजा. मोठमोठे बाप्ये. "यांना म्हण नर्ड," म्हटलं. "यांनी ऑस्कर जिंकलंय, आत्या," तो म्हणाला. उत्तर बिनतोड होतं, मी करंजी खाल्ली.

सगळे गेल्यावर भांडी घासताना मनात आलं ते लिहून ठेवते, कारण तोंडावर कधी सुचत नाही.

अशा वेळी एक सोपी पळवाट असते आणि मी ती पूर्वी खूप वापरली आहे. कुणी हसलं की चेहरा गंभीर करून 1954 चा पहिला चित्रपट काढायचा. त्या वर्षी 1 मार्चला अमेरिकेनं बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, त्याची राख 'लकी ड्रॅगन' नावाच्या जपानी मासेमारी बोटीवर पडली, बोटीवरचे 23 जण आजारी झाले आणि त्यातला वायरलेस ऑपरेटर सप्टेंबरमध्ये गेला. चित्रपटाची सुरुवात अशाच एका बोटीनं होते. दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धावरून परतताना हिरोशिमाचे अवशेष बघून आलेला. रेल्वेच्या डब्यात एक मुलगी सहज म्हणून जाते की नागासाकीतून वाचले, आता हे. आगीत सापडलेली आई पोरांना जवळ घेऊन सांगते, आता लवकरच आपण बाबांकडे जाऊ. अमेरिकेत 1956 साली दाखवताना त्यात रेमंड बर हा नट घुसवून नवे प्रसंग जोडले आणि नागासाकीचं ते वाक्य काढून टाकलं. हे सांगितलं की समोरचा गप्प होतो. 'अच्छा, म्हणजे सीरियस आहे.' आणि आपल्याला पास मिळतो.

सगळं खरं आहे. तो चित्रपट मी दर वेळी रडून बघते. पण हा पास मला आता नको वाटतो. कारण मला बाकीचेही आवडतात! 1964 च्या, घिदोरा नावाच्या तीन डोक्यांच्या राक्षसाच्या चित्रपटात मॉथ्रा, रोडान आणि गॉडझिला या तीन राक्षसांची चक्क बैठक बसते, दोन चिमुकल्या जुळ्या बहिणी त्यांचं बोलणं माणसांना सांगतात आणि गॉडझिलाची भाषा किती वाईट म्हणून एक जण लाजते. 1965 ला तो परग्रहावर जिंकल्यावर उड्या मारून नाचतो. 1971 ला प्रदूषणाच्या चिखलातून झालेल्या हेडोराशी लढताना तोंडातल्या ज्वाळेच्या जोरावर उलटा उडतो. म्हणे निर्माता तोमोयुकी तानाका तेव्हा दवाखान्यात होता आणि बाहेर आल्यावर त्याला ते मुळीच रुचलं नाही. 1973 ला तर शेपटीवर घसरत येऊन दोन्ही पायांनी लाथ घालतो. याला कसला अणुबॉम्ब आणि कसला इतिहास? हे हास्यास्पद आहे, आणि मी ते बघताना टाळ्या वाजवते. गंभीर चित्रपटाच्या आड लपवून जे प्रेम वाचवायचं, त्याला कशाला प्रेम म्हणायचं? शेपटीवर घसरणारा गॉडझिला पुढे करून सांगता यायला हवं: हे मला आवडतं. हसायचं तर हसा.

आपल्याकडे हे सगळं परकंच होतं असंही नाही. 1966 साली हिंदीत 'गोगोला' नावाचा पिक्चर निघाला होता, समुद्रातून येणाऱ्या राक्षसाचा. त्यात तबस्सुम होत्या. दूरदर्शनवरच्या 'फूल खिले हैं गुलशन गुलशन'वाल्या तबस्सुम! पिक्चरची प्रत आज कुठे सापडत नाही, गाणी तेवढी उरली आहेत. ती सापडावी म्हणून मी नवस बोलायला तयार आहे. हे मात्र आज घरात बोलले नाही.

गिंझाचा किस्सा सांगायचा राहिला भाच्याला. पहिल्या चित्रपटाच्या वेळी होंडा, त्सुबुराया मंडळी टोकियोच्या गिंझा भागातल्या मात्सुझाकाया या मोठ्या दुकानाच्या गच्चीवर उभी राहून, इकडून येईल, ही इमारत पाडू, तिकडे आग लावू, असं ठरवत होती. तिथल्या पहारेकऱ्यानं ते ऐकलं आणि त्यांना अडवून चौकशी सुरू केली. आमच्या ऑफिसातही चहाच्या वेळी 'ही विंग आधी पाडू' असं मोठ्यानं चालतं, पण अजून कुणी पकडलं नाही.


4 नोव्हेंबर, सोमवार.

ऑफिस उद्यापासून. सकाळी भाच्याचा मेसेज: "आत्या सगळ्यात भंगार कुठला? तोच बघतो आधी."

विचारण्यामागे टवाळी आहे हे कळतंय. पण प्रश्न चांगला आहे, आणि त्याचं जगाचं उत्तर ठरलेलं आहे: 1969 चा 'ऑल मॉन्स्टर्स अटॅक'. गॉडझिलाचे भक्तसुद्धा याला हसतात. म्हणजे नर्डांमध्येही मी खालच्या पंक्तीतली, कारण मला तो आवडतो. मारामाऱ्यांचे कितीतरी प्रसंग जुन्या चित्रपटांतून उचललेले. गॉडझिलाचं पिल्लू माणसासारखं बोलतं. गोष्ट इचिरो नावाच्या मुलाची: कावासाकीच्या कारखान्यांच्या वस्तीत राहतो, आईबाप दोघंही कामाला, शाळेतून आला की घर रिकामं, वाटेत मोठी पोरं छळतात. मग तो डोळे मिटून राक्षसांच्या बेटावर जातो. हे सगळं त्याच्या डोक्यात घडतं, चित्रपट ते लपवतही नाही. आणि दिग्दर्शक कोण? इशिरो होंडा. ज्यानं 1954 चा केला तोच. त्सुबुराया तेव्हा आजारी होता, इफेक्ट्सही होंडानंच सांभाळले. पुढच्या जानेवारीत त्सुबुराया गेला. पैसे नव्हते, माणूस नव्हता, तरी होंडानं धुराड्यांमधून एकट्यानं घरी चालत येणारं पोर ज्या प्रेमानं दाखवलंय ते मला बाकीच्या चौदांमध्ये सापडत नाही.

हे सगळं टाइप केलं आणि पुसलं. फक्त नाव पाठवलं. वर लिहिलं, शेपटीवर घसरणारा हवा असेल तर 'मेगालॉन', पण तो माझ्याबरोबर बघायचा, एकट्यानं नाही.

उत्तरादाखल त्यानं अंगठा पाठवलाय. त्याचा अर्थ काहीही असू शकतो.

'ऑल मॉन्स्टर्स' जेमतेम सव्वा तासाचा. फराळाचे डबे धुऊन पुसायचे आहेत, शेजारच्यांचे परत करायचे आहेत. लॅपटॉप ओट्यावर ठेवला की तेवढ्यात होतो.