दूध तुटलेलं बाळ

बायबलमधलं १३१वं स्तोत्र. पुन्हा तिथंच अडले.

जेमतेम ३ वचनं. पहिल्यातच दावीद राजा देवाला सांगतो, माझं हृदय गर्विष्ठ नाही, माझी दृष्टी उन्मत्त नाही. असं कुणी स्वतःच सांगतं का? माझ्या तर ओठांवर आलं की खोटंच वाटतं. त्याला शोभतं, मला नाही. असो.

१८वं स्तोत्र तर त्याहून अवघड. २०व्या वचनापासून आपल्या नीतिमत्तेचं आणि हातांच्या निर्मळतेचं फळ मिळालं म्हणतो, आणि २७व्यात देवाला म्हणतो, तू दीनांना तारतोस, चढेल डोळे खाली उतरवतोस. एका दमात! त्याला काहीच खटकत नाही. खटकतं ते मला.

मूळ इब्रीत (हिब्रूत) हा गर्व अंगावर दिसतो: हृदय उंचावलेलं, डोळे चढलेले. पण १२० ते १३४ या १५ आरोहणस्तोत्रांतच, म्हणजे यरुशलेमला चढून जाताना म्हणायच्या स्तोत्रांतच, १२१ आणि १२३ सुरू होतात ती 'मी डोळे वर करतो' म्हणत. क्रियापदं मात्र वेगळी. तिथं 'नासा', उचलणं. इथं १३१मध्ये 'रूम', उंच होणं. १२३मधले डोळे धन्याच्या हाताकडे लागलेल्या दासाचे. माझे कुठले, ते आज नको.

दुसऱ्या वचनात जीव 'स्वस्थ' केला म्हणतो, ते क्रियापद सपाट करण्याचं. बायबलमधल्याच यशयाच्या पुस्तकात (२८:२५) शेतकरी पेरणीआधी जमीन सारखी करतो, तिथंही हेच. म्हणजे ढेकळं होती! आणि आईपाशीच्या ज्या बाळासारखा आपला जीव आहे म्हणतो, ते तान्हं नाही, दूध तुटलेलं आहे. त्या काळी मूल दोन-तीन वर्षं अंगावर पीत असे. एवढं कळतं झालेलं पोर काही मुकाट्यानं दूध सोडत नाही. रडून, हट्ट करून, थकून मग ते आईपाशी नुसतं बसतं. पदर ओढत नाही. दावीद बोलतोय तो या रडारडीनंतर. मी अजून हट्टाच्या वयात, आणि वाक्य म्हणायला बघते त्याचं.

शिवाय आधीचं पान मी उलटलंच नव्हतं. १३०वं खोल गर्तेतून हाक मारतं: तू अपराध मोजलेस तर कोण टिकेल? 'इस्राएला, परमेश्वराची आशा धर' हे त्याच्या ७व्या वचनात येतं, तेच १३१च्या ३ऱ्यात. ही पायरी गाळून मी थेट वर निघाले होते.

तर उद्या १३०. ८ वचनं. ती म्हणताना माझं काही अडत नाही. उलट जरा जास्तच सुरात म्हटली जातात.