चपला घालून झोपणारा मुलगा

गेल्या वर्षी जूनमध्ये बालकल्याण समितीतून फोन आला, तेव्हा मी कळव्याच्या बाजारात भाजी घेत होते. "ताई, एक मुलगा आलाय, बोलतच नाही. येऊन बघता का?" शाळेत बावीस वर्षं समुपदेशक होते, निवृत्तीनंतर जिल्ह्यातल्या एका बालगृहात मंगळवारी-शुक्रवारी जाते. न बोलणारी मुलं मला नवी नाहीत. हा बोलत नव्हता, कारण त्याची भाषा तिथं कुणालाच येत नव्हती.

ठाणे स्टेशनवर एकटाच बसलेला रेल्वे पोलिसांना दिसला. असं मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत त्याला समितीपुढं न्यावं लागतं, तसं नेलं. सगळ्यांनी त्याला बांगलादेशी धरलं आणि बंगाली जाणणाऱ्या एका गृहस्थांना बोलावलं. मुलगा रोहिंग्या होता. त्यांची बोली चितगावच्या बोलीच्या जवळची, साध्या बंगालीवाल्याला ती धड कळत नाही. जे कळलं नाही ते त्या गृहस्थांनी अंदाजानं भरलं, आणि पहिल्या अहवालात "कामासाठी घरातून पळाला" असं वाक्य बसलं. ते वाक्य खोडायला आम्हाला पाच महिने लागले.

तो पळाला नव्हता. ऑगस्ट 2017 मध्ये म्यानमारच्या राखाइन प्रांतात गावं जाळली गेली आणि सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात आले, त्यांत आठ वर्षांचा हा होता. वडील वाटेतच गेले. आई आणि धाकटी बहीण तिथल्या कुतुपालाँगच्या छावणीत मागे राहिल्या. भारतात ज्या शेजाऱ्याबरोबर आला, तो त्याला मध्येच सोडून गेला. हे सगळं मला पहिल्या आठवड्यात कळलं नाही. मी विचारलंच नाही.

विचारणारे पुष्कळ होते. समितीत विचारलं, पोलिसांनी विचारलं, बालगृहाच्या अधीक्षकांनी विचारलं, वैद्यकीय तपासणीत विचारलं. प्रत्येक वेळी जळालेलं गाव पहिल्यापासून सांगायचं, आणि त्या रात्री तो झोपायचा नाही. गादीवर चपला घालून बसायचा. काळजीवाहक मावशी रागावून चपला काढायला लावायच्या, तो गुपचूप पुन्हा घालायचा. मी मावशींना म्हटलं, राहू दे. चादर मी धुते.

मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "त्याची गोष्ट उकरू नका. आधी झोप, जेवण, रोजचा ठरलेला दिवस." गोळ्या त्यांनी लगेच दिल्या नाहीत. एक साधा व्यायाम दिला: घाबरलास की आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं घ्यायची. त्याला ती मराठीत हवी होती, म्हणून आम्ही शिकत गेलो. पंखा. खिडकी. बादली. कुलूप. पाल. तो पालीला शेवटपर्यंत 'पाळ' म्हणायचा आणि मुलं हसायची, मग तोही हसायचा. त्याच दिवसांत त्यानं मला आणखी एका शब्दाचा अर्थ विचारला: "ताई, घुसखोर म्हणजे?" हा शब्द त्याच्यासमोरच कुणीतरी टेबलापलीकडून उच्चारला होता. मी काय सांगणार होते?

कायदा काय म्हणतो ते मी तेव्हा बसून वाचलं. भारतानं 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. पण 2015 चा बालन्याय कायदा मुलाचं वय 18 खाली आहे का एवढं बघतो, तो कुठल्या देशाचा ते नाही. आणि यानं सारं वयावर आलं. शाळेचा दाखला नाही, जन्माचा दाखला नाही, म्हणून हाडांची तपासणी. आदेशानंतर 15 दिवसांत ती व्हावी लागते. मनगटाचे एक्स-रे काढायचे म्हटल्यावर अनोळखी खोलीत कपडे उतरवावे लागतील या भीतीनं त्याचं अंग थरथरू लागलं. तोवर दिल्लीहून फोनवर रोहिंग्या बोलणाऱ्या एक बाई मिळाल्या होत्या. त्यांनी आदल्या दिवशी प्रत्येक पायरी समजावली, आणि मी दाराबाहेर नाही, आत उभी राहिले. एवढ्यानंच निभावलं.

मग मी ती गोष्ट एकदाच लिहून काढायचं ठरवलं. त्या बाई फोनवर, मी वही घेऊन, तो दमला की थांबायचं. तीन बैठकांत संपली. सगळं वाचून दाखवलं, दोन ठिकाणी त्यानं चूक दाखवली, मग मान हलवली. पुढं जिथं जिथं विचारलं जाई तिथं मी ते कागद पुढं करत असे: आधी हे वाचा, नसेल ते विचारा. काही ठिकाणी कपाळाला आठ्या पडल्या. समितीच्या एका सदस्य बाईंनी मात्र ते फाईलमध्ये लावून घेतलं, आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या दिल्ली कार्यालयाला पाठवलेल्या पत्रालाही जोडलं. "पळाला" हे वाक्य तिथंच दुरुस्त झालं.

चपला कधी उतरल्या ते मला नेमकं सांगता येणार नाही. दिवाळीनंतर एका शुक्रवारी गेले तेव्हा त्या खाटेखाली होत्या, एवढंच.

रात्रीची दचक अजून गेलेली नाही. कायमचा निर्णयही झालेला नाही, तारखा चालू आहेत, आणि प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवशी तो जेवत नाही. आईचा शोध रेडक्रॉसमार्फत चालला आहे. त्यांचं पत्र उघडंच जातं, त्यात फक्त घरची खुशाली लिहायची असते. त्याला लिहिता येते ती बर्मी, छावणीतल्या केंद्रात शिकलेली. आईला वाचता येत नाही, कुणीतरी वाचून दाखवेल. पहिलं पत्र गेलं, उत्तर नाही. मागच्या मंगळवारी त्यानं दुसरा कागद मागितला आणि पेन हातात धरून बराच वेळ बसला. मग म्हणाला, "ताई, मी उंच झालो, हे लिहू? ती लहान मुलाला शोधत असेल."