हिडन फील्ड पानावर आहे, पण जावास्क्रिप्टला सापडत नाही

जुन्या एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्समधलं (मायक्रोसॉफ्टची सर्व्हरवर वेब पानं बनवण्याची पद्धत) ऑर्डरचं पान माझ्याकडे आलं. ग्राहकाच्या सवलतीचा दर सर्व्हर हिडन फील्डमध्ये, म्हणजे पानावर न दिसणाऱ्या रकान्यात, घालून पाठवणार, जावास्क्रिप्टने तो वाचून रक्कम तिथल्या तिथे दाखवायची, एवढीच मागणी. आयडीवरून पानातला घटक शोधणाऱ्या ‘गेटएलिमेंटबायआयडी’ला ‘एचडीएनरेट’ हा आयडी दिला, तर हाती आलं नल, म्हणजे काहीच नाही.

मी व्ह्यू पेज सोर्स उघडला. फील्ड होतं, पण आयडी झाला होता ‘सीटीएल००_मेनकंटेंट_एचडीएनरेट’. मास्टर पेज, म्हणजे अनेक पानांचा सामाईक साचा, वापरलं की कंट्रोल (पानावरचा फील्डसारखा घटक) ज्या कंटेनरांच्या पोटात असतो त्यांची नावं आयडीच्या आधी लागतात. स्क्रिप्टला सर्व्हरवरची फाइल दिसत नाही, ब्राउझरपर्यंत पोचलेलं एचटीएमएल तेवढं दिसतं. म्हणून मी शोध नेहमी तिथूनच सुरू करतो.

तो लांबलचक आयडी स्क्रिप्टमध्ये तसाच चिकटवला नाही. उद्या कोणी रचना हलवली की तो मोडणार. सर्व्हरकडूनच ‘क्लायंटआयडी’, म्हणजे ब्राउझरकडे जाणारा पूर्ण आयडी, पानात छापून घेतला. एएसपी डॉट नेटच्या २०१० च्या ४.० आवृत्तीपासून ‘क्लायंटआयडीमोड’ स्टॅटिक ठेवता येतो, म्हणजे आयडी लिहिला तसाच राहतो, पण एकच साचा ओळीओळीने छापणाऱ्या रिपीटरमध्ये नको, तिथे प्रत्येक ओळीला एकच आयडी मिळतो. शेजारच्या पानावर तर टेक्स्टबॉक्सचं ‘व्हिजिबल’ फॉल्स करून ठेवलेलं. असं फील्ड ब्राउझरकडे जातच नाही, मग वाचणार काय?

व्हॅल्यू मिळाली ती स्ट्रिंग, म्हणजे आकडा नव्हे, मजकूर. १०० मध्ये १८ मिळवले की १००१८. मजकुराचा आकडा करणारं ‘नंबर’ लावून ते मिटलं.

खरा वेळ घेतला रीसेट बटणाने. ग्राहक बदलला की स्क्रिप्ट हिडन फील्डमध्ये नवा दर लिहायची. रीसेट दाबल्यावर बाकीचा फॉर्म पूर्वपदावर यायचा, दर मात्र नवाच राहायचा. साध्या टेक्स्टबॉक्सला त्याची सुरुवातीची व्हॅल्यू वेगळी लक्षात असते. हिडन फील्डमध्ये स्क्रिप्टने लिहिलं की व्हॅल्यू अ‍ॅट्रिब्यूटच, म्हणजे सुरुवातीची व्हॅल्यू जिथे असते तेच, बदलतं, परत फिरायला जुनं काही उरतच नाही. म्हणून मूळ दर त्याच फील्डच्या वेगळ्या डेटा अ‍ॅट्रिब्यूटमध्ये जपला आणि रीसेट इव्हेंटवर तो परत भरला.

एका बाबतीत मी अडून बसलो. हिडन फील्ड फक्त डोळ्यांआड असतं. एफ१२ दाबून ब्राउझरची डेव्हलपर साधनं उघडली की कुणालाही दर बदलता येतो. त्यामुळे पानावरची रक्कम केवळ दाखवण्यापुरती ठेवली. ऑर्डर सेव्ह होताना सर्व्हर दर डेटाबेसमधूनच घेतो, फॉर्मसोबत आलेला आकडा धरत नाही.