माळीवाडीचे मालेगाव करणारा भुईकोट

नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा लहानपणापासून पाहत आलो आहे. वसईच्या १७३९ च्या विजयाची ती खूण, हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले होते. पण १७४७ साली ते देऊळ बांधविणाऱ्या पेशव्यांचे सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांनीच मालेगावचा किल्लाही उभारला, हे कळल्यापासून तिकडे जायची ओढ लागली होती. अखेर एका सकाळी एसटीने निघालो. चांदवड, राहूड घाट मागे पडले, उमराण्याला कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत गाडी अडकली, आणि दुपारी मोसम नदीच्या पुलाशी उतरलो.

इथे पूर्वी माळीवाडी नावाची लहानशी वस्ती होती, असे सांगतात. १७४० च्या सुमारास किल्ल्याचे काम सुरू झाले आणि ते जवळजवळ २५ वर्षे चालले. त्यासाठी सुरतेकडून आणि उत्तर हिंदुस्थानातून कारागीर आणले गेले. इतकी वर्षे काम चालले म्हटल्यावर आलेला गवंडी पाहुणा कसा राहील? त्याची मुले इथेच वाढली असणार, त्यांना लागणारे धान्य आणि कापड पुरवायला पेठ वसली असणार. माझ्या मते मालेगावात आधी किल्ला आला आणि मग गाव.

तटाला हात लावून पाहिला. काळा घडीव दगड, सांध्यांत चुना, आणि एका भेगेतून वर आलेले पिंपळाचे वीतभर रोप. आत आता शाळा भरते.

याच तटाने १८१८ साली इंग्रजांना जवळजवळ महिनाभर रोखून धरले. एप्रिलमध्ये त्र्यंबकसारखा बुलंद डोंगरी किल्ला थोडक्या दिवसांत घेणारा कर्नल मॅक्डॉवेल मेच्या मध्यास येथे आला, तेव्हा सपाटीवरचा कोट सहज पडेल असे त्याला वाटले असावे. आतल्या अरब शिबंदीने मात्र मेअखेरचा हल्ला परतवून लावला. जादा कुमक व तोफा आल्या, जूनमध्ये गोळ्यांनी आतले दारूकोठार उडून तटाला भगदाड पडले, आणि तेव्हाच शिबंदीने शस्त्रे खाली ठेवली. इंग्रजांची दोनशेहून अधिक माणसे मेली वा जायबंदी झाली.

पुढे इंग्रजांनी येथे छावणी वसवली. त्या भागाला गाव आजही कॅम्पच म्हणते. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेतून मोमीन विणकर हातमाग घेऊन आले. परतताना मोसमकाठच्या गल्लीतून चाललो, तेव्हा दारादारांतून यंत्रमागांची खटखट ऐकू येत होती.