चार्ल्सकाठी, पूल मोजत

बॉस्टनला भाचीकडे तीन आठवडे राहायचं ठरलं, तेव्हा बॅगेत सगळ्यात आधी पळायचे बूट गेले. चकल्या-चिवडा नंतर. भाची नदीपलीकडे, केंब्रिजमध्ये राहते. पहिल्या सकाळी मी घड्याळ चार्ज करत बसले होते. ती म्हणाली, "मावशी, किलोमीटर कशाला मोजतेस? इथे सगळे पूल मोजतात. कुठल्या पुलावरून गेलीस आणि कुठल्यावरून आलीस, एवढं सांग."

खरंच तसं आहे. चार्ल्स नदीच्या दोन्ही काठांनी पायवाट आहे, पार वरच्या अंगाला वॉटरटाउनपर्यंत. एका काठाने जायचं, पूल ओलांडायचा, दुसऱ्या काठाने परत. नवशिक्यांचा लूप म्हणजे लाँगफेलो पूल ते हार्वर्ड पूल, साधारण पाच किलोमीटर. दमदारांनी पुढे बी.यू. (बॉस्टन युनिव्हर्सिटी) पुलापर्यंत जावं, त्याच्या पुढे रिव्हर स्ट्रीट, वेस्टर्न अॅव्हेन्यू. या वाटेला नाव आहे डॉ. पॉल डडली व्हाइट यांचं. १९५५ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांच्यावर उपचार करणारे हे हृदयरोगतज्ज्ञ. चढावर धाप लागली की हे नाव आठवून जरा बरं वाटायचं.

सकाळी केंब्रिजच्या काठाने पळावं. समोर बीकन हिलवरचा सोनेरी घुमट उन्हात येतो, पाण्यात आठ-आठ जणांच्या लांबलचक होड्या सपासप निघालेल्या. ऑक्टोबर होता, 'हेड ऑफ द चार्ल्स' शर्यत तोंडावर आलेली, त्यामुळे सरावाला ऊत. होडीच्या टोकाला बसलेली किडकिडीत मुलगी आठ आडदांड वल्हेकऱ्यांवर अशी काही डाफरत होती की काठावर माझाही वेग वाढला. आणि खाली लक्ष ठेवावं लागतं ते कॅनडा गीजमुळे. ही धष्टपुष्ट बदकं हिरवळीवर बापाची इस्टेट असल्यासारखी फिरतात आणि वाटेवर जे सोडून जातात, त्यावर बूट घसरतो. मी दोनदा वाचले.

तिसऱ्या दिवशी पूल चुकला. बी.यू. पुलावरून वळायचं होतं. त्या पुलाखाली तिरका रेल्वेपूल आहे, म्हणजे वर मोटारी, मध्ये आगगाडी, तळाला होडी. ते तिमजली प्रकरण बघत बघत मी पुढे गेले आणि वर चढायची वाट मागे राहिली. मागे वळायला मी तयार नव्हते (हा आमच्या घराण्याचा दोष आहे). पण नदी काही गल्ली नव्हे, मधूनच कुठून पलीकडे जाता येत नाही. पुढचा पूल दीडेक किलोमीटरवर. रिव्हर स्ट्रीटवरून ओलांडून बॉस्टनच्या काठाला लागले, तर तिथे वाट इतकी चिंचोळी की एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला अंगावरून गेल्यासारख्या मोटारी. सायकलवाला आला की अंग चोरायचं. चारचे सात किलोमीटर झाले.

बॉस्टनच्या काठाला नदी आणि शहर यांच्यामध्ये हा मोटारींचा रस्ता पसरलेला आहे. बी.यू. पुलाच्या पुढे त्याचं नाव बदलून स्टॉरो ड्राइव्ह होतं. त्याची गोष्ट भाचीने रात्री सांगितली. जेम्स स्टॉरो हे नदीमुखाशी धरण व्हावं म्हणून झटलेले गृहस्थ. १९१० मध्ये ते धरण झालं, भरती-ओहोटीचा चिखल जाऊन हे संथ पाणी आलं. पुढे त्यांच्या पत्नी हेलन यांनी काठावरच्या बागेसाठी दहा लाख डॉलर दिले आणि तिथून रस्ता नेण्याला विरोध केला. १९४४ मध्ये त्या गेल्या. १९५१ मध्ये रस्ता झाला, आणि त्याला नाव दिलं त्यांच्याच नवऱ्याचं! आमच्या पुण्यात नदीपात्रातून रस्ता गेला तेव्हा निदान कुणाच्या बायकोच्या इच्छेचं असं सोनं झालं नव्हतं.

त्या दिवशी परत येताना हार्वर्ड पुलावर पोचले. हा पूल हार्वर्डला जात नाही, एमआयटीच्या दारात उतरतो. वारा थेट तोंडावर. मान खाली घालून पळत होते म्हणून दिसलं: फरसबंदीवर दर दहा मापांवर रंगवलेले आकडे. ११०, १२०, १३०... हे स्मूट. १९५८ मध्ये एमआयटीच्या पोरांनी ऑलिव्हर स्मूट नावाच्या नव्या मुलाला पुलावर आडवा पाडत पाडत अख्खा पूल मोजला. उंची पाच फूट सात इंच. पुलाची लांबी भरली ३६४.४ स्मूट, अधिक-उणे एक कान. पूल नव्याने बांधला तेव्हा पायवाटेच्या फरशांच्या रेघासुद्धा स्मूटच्या मापाने पाडल्या. हा स्मूट पुढे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचा, म्हणजे आयएसओचा, अध्यक्ष झाला!

आपल्याकडे हात होता, वीत होती, पण ती कुणाही माणसाची. इथे एका पोराचं अख्खं अंग माप झालं. मी मधल्या खुणेशी थांबले, तिथे 'नरकाचा अर्धा रस्ता' असं लिहिलंय. सातव्या किलोमीटरला ते मला अगदी पटलं.

घरी आल्यावर भाचीने घड्याळाकडे बघितलंही नाही. "कुठला पूल?" सांगितलं. मग तिने फोनवर खटाखट हिशोब केला.

"मावशी, तू पाच फूट एक ना? मग हार्वर्ड पूल चारशे मावश्या. वर हातभर."

"आणि कान?"

"तो मी धरते," म्हणत तिने चहा पुढे केला.