तुम्ही विचारलंत म्हणून: मागच्या काचेवरचा नकाशा

बुडापेस्टला येणारे आपले पाहुणे विमानतळावर डिकीत बॅगा टाकतानाच विचारतात, "काचेवर हा नकाशा कसला हो?" दोन दिवसांनी पार्लमेंटजवळ गाइडकडून १९२०चा ट्रियानॉनचा तह ऐकून आले की पुढचा प्रश्न तयार: "शंभर वर्षं होऊन गेली! काढून का टाकत नाही?"

सांगते. नकाशा तहाआधीच्या मोठ्या हंगेरीचा; पहिलं महायुद्ध हरल्यावर या तहात तिचा बराचसा मुलूख शेजारी देशांना गेला. गाडी सासऱ्यांची, स्टिकरही त्यांचाच. त्यांची आजी कोमारोमची. डॅन्यूबच्या दोन काठांवर वसलेलं एकच गाव; तहात उत्तरेचा काठ चेकोस्लोव्हाकियाला गेला. आजीचं सासर अलीकडे, माहेर पलीकडे. पूल ओलांडून माहेरी जायचं तर कागदपत्रं. तीस लाखांवर हंगेरियन असे पलीकडे राहिले. मी बेळगावची, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिवसाला बाबांच्या खांद्यावर बसून गेलेली. लग्नानंतर हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, यात मला कळायला अवघड काय आहे?

बरंच होतं. आमचा वाद दोन राज्यांचा. युद्ध हरून कुणी सही केली नव्हती. आणि १९३८ साली कोमारोमचा तो काठ परत मिळाला तो हिटलरच्या मेहेरबानीने, महायुद्धानंतर पुन्हा गेला. हे काही स्टिकरवर दिसत नाही.

एका दिवाळीत ऑफिसातला मित्र फराळाला आला. क्लुजचा, रुमानियन. पार्किंगमध्ये तो थबकला. काचेवर उजवीकडे बोट टेकवून म्हणाला, "माझं घर इथे." नवरा सवयीने त्या गावाचं हंगेरियन नाव म्हणाला, "कोलोझवार." "क्लुज," तो म्हणाला. मग जिना चढताना, अगदी शांतपणे: "हा अख्खा नकाशा तुमचा होता ना, तेव्हा माझी पणजी त्यातच राहायची. तिच्या भाषेची काय किंमत होती, ते विचार कधी." वर येऊन त्याने चकली खाल्ली, छान झालीये म्हणाला आणि लवकर गेला.

मला माहीत होतं. १९१०च्या जनगणनेत, तेव्हा हंगेरीच्या राज्यात असलेला क्रोएशिया सोडूनसुद्धा, हंगेरियनभाषक निम्म्याहून जेमतेम जास्त होते. सासऱ्यांसमोर मी हा आकडा काढत नाही.

त्या रात्री गरम पाणी आणि डोशाचं उलथणं घेऊन खाली गेले. कडा पटापट सुटल्या. आधी वरची पट्टी निघाली, मग उजवीकडचा ट्रान्सिल्व्हेनिया, क्लुजचा तो भाग, गुंडाळी होऊन नखात आला. मधला गोंद मात्र सुटेना. मागे सरून पाहिलं, तर काचेवर जवळजवळ आजचा हंगेरी उरलेला. ट्रियानॉनमध्ये बसलेल्यांनी केलं तेच मी उलथण्याने केलं होतं. मला हसू फुटलं. मागे नवरा कचऱ्याची पिशवी घेऊन उभा होता. काही बोलला नाही. खाली पडलेली गुंडाळी उचलून त्याने खिशात घातली.

सासऱ्यांना सांगितलं, गाडी धुताना निघाला. महिन्याभराने ते नवा घेऊन आले. त्यांचा हात हल्ली थरथरतो, म्हणून माझ्याकडे दिला. "सरळ लाव," म्हणाले.

मी लावला. उलथणं घेऊन उतरलेली मी याला भित्रेपणा म्हणेल. म्हणू दे, त्या म्हाताऱ्याच्या हातातला कागद तिने पाहिला नव्हता. पण काचेवर टेकलेलं ते बोट तर दोघींनीही पाहिलंय.

क्लुजचा मित्र अजून येतो. तो येणार असला की मी गाडी पलीकडच्या गल्लीत लावते.