अमेरिकेत आम्ही घर कसं घेतोय ते सांगितलं, तर बाबा म्हणाले, "अगं, ही तर पागडीच की!"

बर्लिंग्टनला, म्हणजे अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या, आम्ही सहा वर्षं भाड्याने काढली. मी लॅबमध्ये टेक्निशियन, नवरा शाळेची बस चालवतो, आयटीवाल्यांसारखे पगार नाहीत, त्यामुळे घर घ्यायचं तर गावाबाहेर पार लांब जावं लागणार असंच धरून चाललो होतो. मग नवऱ्याच्या डेपोतला एकजण म्हणाला, शॅम्प्लेन हाउसिंग ट्रस्टकडे, म्हणजे परवडणारी घरं देणाऱ्या इथल्या संस्थेकडे, जाऊन तर बघा.

तिथला हिशोब साधा आहे पण डोक्यात शिरायला मला दोन दिवस लागले. घर तुमचं, जमीन ट्रस्टची, ती भाडेपट्ट्याने मिळते. किमतीतला एक मोठा भाग ग्रँटच्या पैशातून आलेला असतो आणि तो कायम त्या घरातच राहतो, उरलेल्यासाठी आपण कर्ज काढायचं. विकताना आपण फेडलेलं मुद्दल आपलं, पण भाव वाढला असेल तर वाढीतले फक्त २५ टक्के आपले. म्हणजे समजा १ लाख डॉलरने वाढलं तर २५ हजार मला, बाकीचे ७५ घरातच, म्हणून पुढच्यालाही ते परवडतं. शिवाय राहायचं आपणच, भाड्याने चढवून दुसरीकडे जायचं नाही.

गिरगावात बाबांना फोनवर सांगितलं तर ते लगेच म्हणाले ही तर पागडीच की! त्यांचा जन्म चाळीतल्या खोलीत गेलाय, खोली विकताना घरमालकाला तिसरा हिस्सा द्यायचा हे त्यांना पाठ. मी म्हटलं बाबा, फरक आहे, पागडीत मालक हिस्सा खिशात घालतो आणि खोलीचा भाव चढतच राहतो, इथे तो हिस्सा कुणाच्याच खिशात जात नाही. ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "हे काढलं कुणी?"

म्हणून मी रात्री वाचत बसले, आणि गंमत बघा. अशा ट्रस्टची सुरुवात १९६९ साली अमेरिकेतल्या जॉर्जियात न्यू कम्युनिटीज नावाच्या संस्थेपासून झाली, काळ्या शेतकऱ्यांना हक्काची जमीन मिळावी म्हणून, आणि ती कल्पना मांडणाऱ्या रॉबर्ट स्वान वगैरे मंडळींसमोर जी उदाहरणं होती त्यात विनोबांचं ग्रामदान, म्हणजे जमीन सगळ्या गावाच्या मालकीची करण्याची चळवळ, होतं. पेणजवळच्या गागोद्याचे आपले विनोबा! बर्लिंग्टनचा ट्रस्ट १९८४चा, बर्नी सँडर्स महापौर असताना पालिकेने २ लाख डॉलर देऊन उभा केलेला. बाबा खूश, त्यांची शंका तिथेच संपली.

खरा त्रास बँकेने दिला. होमबायर क्लास (घर घेणाऱ्यांसाठीचा), पगाराच्या स्लिपा, टॅक्सचे कागद (उत्पन्नाला वरची मर्यादा असते, आम्ही त्यात आरामात बसलो, हसावं की रडावं) हे सगळं भराभर झालं, पण ज्या बँकेत आमचं खातं तिथला माणूस तीन आठवडे एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होता, जमीन तुमची नाही तर आम्ही तारण काय धरायचं. भाडेपट्ट्याचा कागद दोनदा पाठवला, त्याने उघडलाच नसावा. शेवटी एका छोट्या क्रेडिट युनियनकडे, म्हणजे आपल्या पतपेढीसारख्या संस्थेकडे, गेलो, त्यांनी अशी कर्जं आधी दिलेली, आठवड्यात होकार.

घर बर्लिंग्टनच्या ओल्ड नॉर्थ एंड वस्तीतलं, लाकडी, शंभरी ओलांडलेलं. आधी इथे फ्रेंच कॅनेडियन कामगार, लिथुआनियातून आलेले ज्यू, आता नेपाळी-भूतानी, सोमाली शेजारी. इथली जुनी सेंट जोसेफ शाळासुद्धा ट्रस्टनेच घेतली, आता तिथे कम्युनिटी सेंटर आहे. इन्स्पेक्शनला आलेल्या म्हाताऱ्याने खिडकी वर सरकवून हात सोडला तर ती धाडकन खाली आली, मी किंचाळलेच. तो हसला, चौकटीतली फळी काढून आतलं, दोरीने खिडकी तोलून धरणारं लोखंडी वजन दाखवलं, दोरी कुजून तुटलेली. म्हणाला हे लाकूड आता मिळत नाही, प्लास्टिकच्या खिडक्या बसवू नका, दोऱ्या बदला. चौकटीचा रंग मगरीच्या पाठीसारखा तडकलेला, त्यात शिसं निघालं, १९७८च्या आधीच्या घरात ती भीती असतेच, म्हणून तो खरवडायचं काम माहितगार माणसाकडून करून घेतलं, तेवढा खर्च वाढला.

वकिलाकडे तासभर सह्या केल्या आणि किल्ली मिळाली. बाबांनी व्हिडिओ कॉलवर घर बघितलं आणि पहिलं काय विचारलं, तर नळाला पाणी किती वाजता येतं!

दोऱ्या आम्ही दोघंच बदलतोय. सातपैकी दोन खिडक्या झाल्यात, बाकीच्या थंडीच्या आत व्हायला हव्यात.